करडईचा काटा आणि घरचे तेल



विहिरीचे पाणी उसाला गेले की जिरायत तुकडा मागे पडतो. तेल मात्र आपण दुकानातून आणतो. म्हणून यंदा शाळूच्या किंवा हरभऱ्याच्या रानाला कडेने करडईच्या तीन-चार ओळी टाकाव्यात, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

करडई सूर्यफुलाच्या कुळातली, बांधावरच्या उंटकटारीची भावकी. मोकाट जनावर काट्याला तोंड लावीत नाही, त्यामुळे आतले पीक आपोआप राखले जाते. सोटमूळ खोल जाते आणि काळ्या रानातली खालची ओल घेते. म्हणूनच पाऊस उघडला तरी करडई तग धरते.

लागवड : पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकावी. सलग पिकाला एकरी ४ ते ५ किलो बी पुरते. दोन ओळींत ४५ सें.मी. आणि दोन रोपांत २० सें.मी. अंतर राखावे. सोलापूरला निघालेला ‘भीमा’ हा वाण कोरडवाहूला चालतो. काटा नको असेल त्यांच्यासाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा ‘नारी-६’ हा बिनकाट्याचा वाण आहे. पण कुंपणाला काटेरीच हवी.

उगवणीनंतर १० ते १५ दिवसांनी विरळणी करावी. उपटलेली कोवळी रोपे फेकू नका, त्यांची भाजी चांगली होते. पीक ५०-५५ दिवसांचे असताना ओल कमी वाटली तर भेगा पडण्याआधी एकच हलके पाणी द्यावे. उसासारखे पाटाने भरून पाणी दिले की मर लागते आणि उभे झाड वाळते. उसाच्या सरीत किंवा पाणी साचणाऱ्या रानात करडई लावूच नये.

उशिरा पेरले की मावा जोर करतो. तो आधी कडेच्या ओळीवर दिसतो. तेवढ्यावरच ५ टक्के निंबोळी अर्क मारला तर पुढचा खर्च वाचतो.

काढणी : पीक १२५ ते १४० दिवसांत तयार होते. कापणी भल्या पहाटे करावी. दवाने काटा नरम असतो आणि बोंडातले बी गळत नाही. हाताला जाड कापड गुंडाळायला विसरू नये.

उपयोग : बियांत तेल २८ ते ३० टक्के असते, घाण्यावर त्याहून कमी पडते. राहिलेली पेंड जनावरांना बेताने घालावी. सुकत आलेल्या पाकळ्या वेचल्या तर बियांचे नुकसान होत नाही. याच पाकळ्यांपासून पूर्वी कुसुंबी रंग करीत.

एक इशारा : काटा आहे म्हणून सगळी झाडे सारखी नव्हेत. रब्बीच्या रानात पिवळा धोतरा माजतो. त्याचे बी मोहरीएवढे, काळे आणि विषारी असते. १९९८ साली दिल्लीत धोतऱ्याची भेसळ असलेले मोहरीचे तेल खाऊन माणसे दगावली. धोतरा फुलात येण्याआधीच उपटावा. घाण्यावर नेण्याआधी करडई चाळून घ्यावी. तिचे बी पांढरे व मोठे असल्याने काळे बी चाळणीखाली सहज पडते.

ऊस आपला पैसा आहे, तो राहणारच. पण पाऊस हुकला तरी घरात तेलाचा डबा भरलेला असावा, यासाठी कडेच्या चार ओळी जड नाहीत.

— ऊस विकास अधिकारी