दीड टनाचा एसी म्हणजे सात हॉर्सपॉवर?

प्रश्न : दीड टनाच्या एसीची क्षमता ५.२७ किलोवॉट लिहिली आहे. हिशोब केला तर सात हॉर्सपॉवर भरते. शेतातल्या मोटरीपेक्षाही मोठा हा भार घरच्या वायरिंगला झेपेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण ५.२७ हा आकडा विजेचा नाही, उष्णतेचा आहे.

‘टन’ आला बर्फावरून. शून्य अंशावरचा एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागणारी उष्णता म्हणजे एक टन क्षमता. किलोमागे साधारण ८० किलोकॅलरी धरा : ९०७ गुणिले ८०, भागिले २४. ताशी सुमारे ३,०२४ किलोकॅलरी येतात. ताशी ८६० किलोकॅलरी म्हणजे एक किलोवॉट. म्हणून एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॉट. कॅटलॉगमध्ये हेच ताशी १२,००० बीटीयू असे छापतात.

एसी ही उष्णता तयार करत नाही, खोलीतून उचलून बाहेर टाकतो. त्यामुळे खर्च होणारी वीज हलवलेल्या उष्णतेपेक्षा बरीच कमी असते. हे गुणोत्तर साडेतीन असेल तर वीज लागते दीड किलोवॉट, म्हणजे दोनच हॉर्सपॉवर (एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट). कडक उन्हात हा आकडा वाढतो.

तेव्हा वायरमनला टन सांगू नका. लेबलवरचे कमाल वॉट आणि अँपिअर दाखवा आणि एसीसाठी स्वतंत्र लाइन व एमसीबी बसवून घ्या.