डबा तोच, चाल नवी

(घरातील एखादी वस्तू नीट चालेनाशी झाली की ती टाकून नवी आणावी असे आपल्याला वाटते. पण दोष नेमका कोठे आहे हे शोधले, तर थोड्या पैशांतही काम होते. एका जुन्या संगणकाची ही हकिकत वाचा.)

शहापूर तालुक्यातील डोळखांब येथे माझी बहीण राहते. तिच्या घरी २०१४ साली घेतलेला एक संगणक होता. तो सुरू केला की माझी भाची चहा करायला आत जायची. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असायचे. सगळे त्या संगणकाला हसत.

पण २०२३ साली हसण्यासारखे काही राहिले नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. भाचीने सारी माहिती भरली आणि संगणक अडकला. पुन्हा सुरू करीपर्यंत वीज गेली. ती आली तेव्हा मुदत संपली होती. भाची रात्रभर रडली.

२०२४ च्या मे महिन्यात मी सुट्टीसाठी डोळखांबला गेलो. तेव्हा नानीने, म्हणजे माझ्या अम्मीने, बकरा विकून आलेले पाच हजार रुपये भाचीच्या हातात ठेवले. ती म्हणाली, "बेटा, तुझा संगणक चांगला कर. पण हिशेब मला दाखव."

भाचीने लगेच यादी केली : नवा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचा डबा.

मी विचारले, "यातले तुला नक्की काय हवे आहे?"

ती म्हणाली, "मामू, मला संगणक वेगाने चालायला हवा."

"मग तो कोठे अडतो ते आधी पाहू या," मी म्हणालो. "आपल्या तालुक्यात भातसा धरण आहे. धरणात पाणी भरपूर असले, तरी घरात येणारा नळ बारीक असेल तर हंडा हळूहळूच भरतो. अशा वेळी धरण मोठे करून काय उपयोग? नळ बदलायला हवा. संगणकातला बारीक नळ कोणता, ते शोधू या."

आम्ही घड्याळ लावले. संगणक सुरू होऊन कामाला लागेपर्यंत चार मिनिटे दहा सेकंद गेले. भाचीने हा आकडा वहीत लिहिला. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. टास्क मॅनेजर उघडला. कोणत्या भागावर किती भार आहे, हे तेथे दिसते. प्रोसेसरवर वीस टक्केसुद्धा भार नव्हता. रॅम चार जीबीची होती आणि जवळजवळ भरली होती. हार्ड डिस्कवर मात्र शंभर टक्के भार होता.

भाची म्हणाली, "म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून वाट पाहतो आहे!"

तिने बरोबर ओळखले होते. हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते. ती बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते. माहिती वाचणारा काटा योग्य जागी जाईपर्यंत प्रत्येक वेळी थोडा वेळ जातो. एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. माहिती चिपमध्ये साठवलेली असते, म्हणून ती चटकन मिळते. रॅम म्हणजे काम करण्याचे टेबल. टेबल लहान असेल तर सामान पुन्हा पुन्हा कपाटात ठेवावे लागते. येथे टेबल लहान होते आणि कपाटही सावकाश उघडत होते.

आम्ही नवी यादी केली. पहिली एसएसडी, दुसरी रॅम. रॅम विकत घेताना तिचा प्रकार पाहावा लागतो. आमच्या संगणकाला डीडीआर-३ प्रकारची रॅम लागत होती. डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ ची पट्टी त्या खाचेत बसतच नाही, कारण प्रत्येक प्रकाराच्या पट्टीवरची फट वेगळ्या जागी असते. लॅपटॉपची रॅम तर लांबीनेही लहान असते. म्हणून भाचीने जुन्या पट्टीवरचा मजकूर वहीत उतरवून घेतला. मदरबोर्डवर एक खाच रिकामी आहे, हेही पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने आसनगावला गेलो. तेथून लोकलने दादर आणि दादरहून ग्रँट रोड. तेथून लॅमिंग्टन रोड जवळ आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून हे नाव पडले. रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण लोक जुनेच नाव घेतात. संगणकाचा कोणताही सुटा भाग शोधायला लोक येथे येतात.

एक दुकानदार म्हणाला, "मास्तर, हा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे. विंडोज ११ याच्यासाठी नाही. सगळेच नवे घ्या."

त्याचे पहिले म्हणणे खरे होते. पण नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. नवा मदरबोर्ड घेतला की नव्या प्रकारची रॅम आली. एकातून दुसरा खर्च निघतो. आमच्याजवळ पाचच हजार होते आणि काम होते अर्ज भरण्याचे व अभ्यासाचे. आम्ही दुकानदाराचे आभार मानून पुढे गेलो.

तीन दुकानांत भाव विचारून आम्ही एसएसडी आणि वापरलेली, पण तपासून दिलेली चार जीबी रॅम घेतली. आता रॅम एकूण आठ जीबी होणार होती. एसएसडीचे पक्के बिल मागून घेतले. बिल नसेल तर पुढे हमी मिळवणे कठीण जाते.

भाचीची नजर ग्राफिक्स कार्डावर गेली. क्षणभर थांबून ती म्हणाली, "मामू, अर्जाच्या दिवशी वीज गेली होती ना? आपला यूपीएस तर नुसता आवाज करतो आणि बंद पडतो."

हे माझ्या लक्षातच आले नव्हते! यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी कधीच निकामी झाली होती. ग्राफिक्स कार्ड दुकानातच राहिले आणि आमच्या पिशवीत बॅटरी आली.

घरी आल्यावर पहिले काम केले ते जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचे. मग वीज बंद करून वायर काढली. अंगातील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात लावला. ब्रशने धूळ झाडली. रॅमची पट्टी सरळ दाबताच दोन्ही टोकांच्या पकडी खट्कन लागल्या. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. तारखा विसरणाऱ्या मदरबोर्डची छोटी बॅटरीही बदलली. यूपीएसची बॅटरी मी स्वतः बसवली : लाल तार लाल टोकाला, काळी तार काळ्या टोकाला. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र उघडला नाही. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहू शकते.

एसएसडीवर विंडोज घातली आणि जुनी हार्ड डिस्क छायाचित्रांसाठी ठेवली. पुन्हा घड्याळ लावले. संगणक अठ्ठावीस सेकंदांत तयार झाला!

भाचीने नानीला हिशेब वाचून दाखवला :

एसएसडी, २५६ जीबी – १,८५० रुपये
वापरलेली रॅम, ४ जीबी – ४५० रुपये
यूपीएसची बॅटरी – ८५० रुपये
जोडणीची केबल – ९० रुपये
पेस्ट आणि छोटी बॅटरी – १६० रुपये
प्रवास व नाश्ता – ३०० रुपये
एकूण – ३,७०० रुपये

उरलेले एक हजार तीनशे रुपये तिने नानीच्या हातात दिले. नानीने संगणकाभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "नवे काय आणले? डबा तर तोच आहे!"

भाची म्हणाली, "नानी, डबा तोच आहे. पण आता तो मला थांबवून ठेवत नाही."

त्या वर्षी तिने शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या आठ दिवस आधी भरला. अर्ज भरताना वीज गेलीच. यूपीएस वाजू लागला. पण पडदा चालू राहिला. तिने शांतपणे शेवटचे बटण दाबले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तेव्हा आम्ही त्याच संगणकावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवली. तिच्यावर मराठीही लिहिता येते आणि उर्दूही.

शब्दार्थ
हकिकत – घडलेली गोष्ट
मुदत – ठरवून दिलेला काळ
निकामी – उपयोगाचा न राहिलेला, बेकार
सुटा भाग – यंत्राचा वेगळा मिळणारा भाग, पुर्जा
विनामूल्य – पैसे न घेता दिलेले, मोफत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाचीचा अर्ज २०२३ साली का राहून गेला?
(आ) नानीने पैसे देताना कोणती अट घातली?
(इ) रॅम घेण्यापूर्वी भाचीने वहीत काय लिहून घेतले?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धरण आणि नळ यांचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले?
(आ) ग्राफिक्स कार्डाऐवजी बॅटरी घेणे योग्य होते का? तुमचे मत लिहा.
३. विरुद्ध अर्थाचे शब्द लिहा : जुना, रिकामा, लांब, सावकाश.
४. उपक्रम : घरातील नीट न चालणारी एक वस्तू निवडा. तिच्यात दोष कोठे आहे ते मोठ्यांच्या मदतीने शोधा आणि दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब मराठीत लिहा.