कपाशीवर ‘व्हायरस’ नाही, टू-फोर-डी आहे

भेंडीच्या पानासारखी निमुळती, चिरलेली कपाशीची पाने घेऊन सध्या रोज शेतकरी कार्यालयात येत आहेत. शिरा एकमेकींजवळ, समांतर. शेंडा वाकडा, पातेगळ सुरू. ‘व्हायरस आला’ म्हणून अनेकांच्या दोन-दोन फवारण्या आधीच झाल्या आहेत. हा रोग नाही, २,४-डी या तणनाशकाचा फटका आहे.

२,४-डी म्हणजे ऑक्सिन या वाढीच्या संजीवकाची कृत्रिम नक्कल. पेशीच्या बाह्य पटलावर एबीपी१ आणि टीएमके ही प्रथिनांची जोडी बाहेरचे ऑक्सिन ओळखते. लगेच पटलातून हायड्रोजन आयन बाहेर पडतात, पेशीभित्ती सैल होते, पेशी लांबते. त्याच पटलातले एयूएक्स१ हे वाहक प्रथिन २,४-डीलाही ऑक्सिन समजून आत घेते. केंद्रकात टीआयआर१ हे प्रथिन त्याला धरते आणि वाढीची जनुके चालू होतात. पेशी खरे ऑक्सिन लवकर निकामी करते, २,४-डी मात्र कपाशीला सहज मोडता येत नाही. म्हणून अंशमात्रही पुरतो आणि कोवळा शेंडा आधी बिघडतो.

इथे कीटकनाशक काय करणार? टॉनिकचा हट्ट तर सोडाच. बऱ्याच टॉनिकांत संजीवकेच असतात. अतिरेक झाला तिथेच आणखी भर कशाला?

एका शेतात बांधाकडची तासे पुरती वाकडी, पुढे लक्षणे कमी होत गेलेली आणि तिसऱ्या पंपानंतरची कपाशी धडधाकट होती. उसात तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून कपाशीत आणला होता. वाऱ्याने आले असते, तर शेजारच्या बाजूचा सबंध काठ बाधला असता. औषध घेण्याआधी शेतात असे फिरून बघा.

बाधित शेंडे खुडा. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया मिसळून फवारा. घाईने पीक मोडू नका. फटका सौम्य असेल तर नवी पाने सरळ येतात.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. धुतलेल्या पंपाची खात्री कुणी देऊ नये; नळी, गाळणी, नोझलमध्ये अंश राहतोच. ऊस, ज्वारीवाल्यांनी वारा कपाशीकडे वाहत असताना २,४-डी मारू नये. त्याचा एस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन दूर जातो. कपाशीच्या शिवारात तो आणूच नका.