मोटार भरताना वेढे कमी करू नका

16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद. नावा काठावर असतात, म्हणून मोटारी दुरुस्तीला याच दिवसांत निघतात. आजचा धडा बॅटरीवरच्या ब्रशलेस मोटारीच्या रिवाइंडिंगचा.

आधी मोटार ओळखा. कंट्रोलरकडून मोटारीला तीन जाड तारा जात असतील तर ती ब्रशलेस. दोनच असतील तर बहुधा कार्बनवाली. ब्रशलेसमध्ये चुंबक फिरतात आणि तांब्याची तार जागेवर असते. ती तार जळली तर पुन्हा भरता येते.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाची मोटार भरून आली. कारागीर म्हणाला, "दादा, वेढे कमी टाकतो, नाव पळेल." 12 च्या जागी 9 वेढे टाकले. दोन दिवस नाव खरंच पळाली. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, कंट्रोलर जळला आणि वल्ही घरी! बापलेक फळकुटाने पाणी मारत कसेबसे काठाला लागले.

असं का झालं? वेढे कमी केले की त्याच व्होल्टेजवर मोटार जास्त फिरते. 12 चे 9 केले तर फेरे सव्वापटीहून थोडे जास्त, म्हणजे 1.33 पट होतात. पण पाण्यातल्या पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते: 1.33 गुणिले 1.33 गुणिले 1.33, म्हणजे सुमारे 2.4 पट. आधी 20 अँपिअर घेणारी मोटार कागदावर 47 च्या आसपास मागते. 30 चा कंट्रोलर जळणारच, आणि बॅटरीही अर्ध्या वेळात संपणार. स्टारची जोडणी डेल्टा केली तरी हेच. तिथे फेरे 1.73 पट होतात.

मग रिवाइंडिंगने सुधारणा होतच नाही का? होते, पण ती तांब्यामुळे. वेढे तेवढेच ठेवून खाचेत 10 टक्के जास्त तांबं नीट बसवलं, तर तारेचा रोध सुमारे 9 टक्के घटतो. मोटार कमी तापते. वेढे बदलायचे असतील तर आधी पंखा बदलायचा विचार करा. मोठा, सावकाश फिरणारा पंखा जड नावेला जास्त उपयोगी.

मोटार देताना हे सांभाळा:

1. उघडण्याआधी फोटो काढा. वेढे, तारेची जाडी, तारांची संख्या, गुंडाळण्याची दिशा आणि स्टार-डेल्टा लिहून ठेवा.

2. जुनी तार आगीत जाळून काढू देऊ नका. लोखंडी पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटार रिकामी फिरतानाही तापते.

3. चुंबकाचा भाग उष्णतेपासून लांब ठेवा. साधे निओडिमियम चुंबक 80 अंशांपुढे कमजोर पडू लागतात.

4. भरल्यावर वार्निश करून पूर्ण वाळवून घ्या. आपलं काम पाण्यात आहे.

5. कंट्रोलर जोडण्याआधी तीन तारांच्या तिन्ही जोड्यांचा रोध सारखा आहे का बघा. मोटारीच्या बॉडीशी एकही तार लागलेली नको. मेगर लावूनच खात्री करा.

6. तारा सुट्या असताना मोटार हाताने मोकळी फिरली पाहिजे. कुठल्याही दोन तारा एकत्र केल्या की जड झाली पाहिजे, आणि तिन्ही जोड्यांत सारखीच जड. नसेल तर जोडणी चुकली.

7. पहिली चाचणी पंख्याशिवाय, मग पंखा लावून काठाजवळ, अँपिअर मीटरसह.

आपल्या पिपलानीला लागूनच भेलचा कारखाना आहे, तिथे रेल्वेच्या ट्रॅक्शन मोटारी बनतात. वस्तीत वाइंडिंग जाणणारे निवृत्त काका आहेत. पैसे देण्याआधी त्यांना एकदा मोटार दाखवा. वॉरंटी बाकी असेल तर मात्र उघडूच नका.

आणि मोटार कितीही चांगली भरलेली असो, वल्ही आणि लाइफ जॅकेट नावेत हवंच. तुमच्या मोटारीचे वेढे आणि अँपिअर आम्हाला कळवा, आपण मिळून हिशेब बघू.