फेफरे : बाधा नव्हे, मेंदूचा विकार

प्रस्तुत लेखाचा विषय आहे फेफरे. कोणी त्याला मिरगी म्हणतात, कोणी आकडी म्हणतात, कोणी नुसते 'फिट येते' असे सांगतात. वैद्यकात त्याला अपस्मार हे नाव आहे. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर व बँकेतील एक कारकून आहोत. तरीही हा विषय हाती घेण्यास एक प्रसंग कारण झाला. तो आधी सांगणे आमचे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निराधार योजनेचे पैसे जमा झाल्याचा दिवस होता आणि शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. आजीला घेऊन आलेला सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा रांगेतच कोसळला. दातखिळी बसली, हातपाय झटकू लागले, तोंडाला फेस आला. एकाने पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. दुसरा कांदा आणायला धावला. आम्ही काउंटरमागून बाहेर आलो आणि शिकलेल्या माणसाने करू नये ते केले. जीभ चावली जाईल या भीतीने त्याच्या दातांत चमचा घातला. दोन मिनिटांत झटके आपोआप थांबले. मुलगा शुद्धीवर आला तेव्हा त्याचा पुढचा दात तुटलेला होता. ते रक्त फिटीचे नव्हते, आमच्या चमच्याचे होते.

आजी म्हणाली, "साहेब, याला बाहेरचं आहे. भगताकडे नेला, गंडा बांधला. आठवीतून शाळा सोडवली, आता ढोरं राखतो."

त्या दिवसापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यापाड्यांवर अशी मुले आहेत. आपल्या समाजातही आहेत. त्यांच्यासाठी हे टिपण.

मेंदूत नेमके काय घडते?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. त्या एकमेकींशी अत्यंत सूक्ष्म विद्युत संकेतांनी व रसायनांनी बोलतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. या पेशींत चेतवणारे संकेत असतात तसे आवरणारेही असतात. दोहोंचा तोल राहतो तोवर विचार, बोलणे, चालणे सुरळीत चालते.

आमच्या व्यवसायातले उदाहरण द्यायचे तर, बँकेत टोकन क्रमाने पुकारले जाते तोवर काम चालते. सगळी रांग एकदम खिडकीवर आली, तर कोणाचेच काम होत नाही. फिटीत हेच होते. पेशींचा मोठा समूह एकाच वेळी संकेत सोडू लागतो आणि त्या भागाचे नेहमीचे काम बंद पडते. हा गोंधळ मेंदूच्या एका कोपऱ्यात राहिला तर एक हात थरथरतो किंवा विचित्र वास येतो. दोन्ही बाजूंना पसरला तर माणूस बेशुद्ध होऊन कोसळतो.

ही केवळ कल्पना नाही. जर्मनीतील हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली प्रथम माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी कागदावर उतरवल्या आणि १९२९ साली ते संशोधन प्रसिद्ध केले. आज ज्याला आपण ई.ई.जी. म्हणतो तो हाच आलेख. भगताला जे 'बाहेरचे' दिसते, त्याची रेघ आत, मेंदूत सापडते.

फेफऱ्याने जगाला शिकवलेला धडा

विद्यार्थी मित्रांनो, स्मरणशक्ती मेंदूत कुठे असते हे शास्त्रज्ञांना एका फेफऱ्याच्या रुग्णामुळे कळले, हे आपल्याला ठाऊक आहे काय? अमेरिकेतील हेन्री मोलेसन या तरुणाला तीव्र फिट येत. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या, समुद्रघोड्याच्या आकाराच्या भागाचा बराचसा अंश होता. फिट कमी झाल्या, पण हेन्रीला नवीन काहीच लक्षात राहीना. आत्ता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन आला तरी तो त्याला नवखाच वाटे.

ब्रेन्डा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचे काम त्यांनी त्याला दिले. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, परंतु आपण हे काल केले होते हे त्याला आठवत नसे. यावरून सिद्ध झाले की स्मृती एका पोत्यात भरलेली नसते. घडलेले आठवणे वेगळे आणि हाताला वळण लागणे वेगळे; दोहोंसाठी मेंदूचे भाग वेगळे. हेन्री २००८ साली वारला. तोवर जगाला तो केवळ आद्याक्षरांनी माहीत होता. याच हिप्पोकॅम्पसमधील, जागा ओळखणाऱ्या पेशींच्या शोधाला व त्यालगतच्या भागातील संशोधनाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

डोळ्यांना न दिसणारी फिट

प्रत्येक फिटीत माणूस पडतोच असे नाही. लहान मुलांत एक प्रकार असा असतो की मूल पाच-दहा सेकंद एकटक पाहत राहते, पापण्या फडफडतात आणि लगेच पूर्ववत होते. दिवसातून हे कित्येक वेळा घडू शकते. वर्गात गुरुजींचे अर्धे वाक्य त्याला ऐकूच येत नाही. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. घरचे म्हणतात, ढ आहे. मूल मार खाते, आणि आजार तसाच राहतो.

दुसरा प्रकार कानशिलाजवळच्या भागातून उद्भवतो. माणूस जागा दिसतो, पण बोलावले तर उत्तर देत नाही. ओठ चाटतो, कपड्याशी चाळा करतो, एकाएकी घाबरतो. मग काही आठवत नाही. अशा माणसाला 'लागिर' म्हणून झोडपल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

फिट येणारे मूल मंदबुद्धीच असते हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. पुष्कळांची बुद्धी इतरांसारखीच असते. मात्र काही गोष्टी खऱ्या आहेत, त्या लपवू नयेत. वरचेवर येणाऱ्या, उपचार न झालेल्या फिटींनी स्मरण व एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो. काही औषधांनी सुस्ती येते. ज्या दुखापतीमुळे फिट येतात तीच कधी बुद्धीलाही बाधते. पण या सर्वांवर डॉक्टर काही ना काही करू शकतात. शाळा सोडवल्यावर जे नुकसान होते त्यावर डॉक्टरांकडे गोळी नाही.

कारणे कोणती?

जन्मावेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर, डोक्याला मार, उतारवयात पक्षाघात, सवयीची दारू एकाएकी तुटणे, काही कुटुंबांत आनुवंशिकता, अशी अनेक कारणे आहेत. पुष्कळदा कारण सापडतही नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना नुसत्या तापातही आकडी येते. तिला बहुधा फेफरे म्हणत नाहीत, तरी डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या देशात आणखी एक कारण महत्त्वाचे आहे, ते म्हणजे फीतकृमीची अंडी. पूर्वी भारतात फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूच्या छायाचित्रात एक लहान गाठ दिसे आणि ती क्षयाची समजली जाई. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टर चंडी, डॉक्टर राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की यांतील बऱ्याच गाठी फीतकृमीच्या अळीच्या असतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यावरून आपल्या लोकांना टोमणे ऐकावे लागतात. डुकराचे कच्चे राहिलेले दूषित मांस खाल्ल्याने आतड्यात कृमी होतो. परंतु मेंदूत जाते ते अंडे, आणि ते कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून येते. उघड्यावरील विष्ठेतून ते पाण्यात, भाजीपाल्यात, न धुतलेल्या हातांवर येते. म्हणून जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा आजार होतो. दोष कोणाच्या ताटाचा किंवा जातीचा नाही, अस्वच्छतेचा आहे. शौचालय, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ धुतलेली भाजी हाच त्यावर उपाय.

बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेच्या पाहणीत शहरात दर हजारी ५.७ लोकांना, तर खेड्यात ११.९ लोकांना अपस्मार आढळला. खेड्यात दुप्पट! आपल्या शहापूर-मुरबाडसारख्या भागाने या आकड्याचा विचार करायला हवा.

उपचार

जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटीविना जगू शकतात. फिनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून, तर फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. ही जुनी, स्वस्त औषधे आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. आधी सांगितलेला तोल आठवा. काही औषधे चेतवणारे संकेत मंद करतात, काही आवरणारे संकेत बळकट करतात. गोळी हे काम रोज करते, म्हणून ती रोज घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून एकाएकी बंद केली तर फिट अधिक जोराने येऊ शकते. गोळ्यांनी न थांबणाऱ्या काही रुग्णांवर शस्त्रक्रियाही करता येते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत असा कार्यक्रम १९९५ साली सुरू झाला.

भगिनींसाठी एक सूचना. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भातील बाळाच्या मेंदूला अपाय करू शकते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या मातांच्या सहा वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ९७ आढळला; अन्य गोळ्या घेणाऱ्या मातांच्या मुलांचा १०५ ते १०८ होता. म्हणून लग्न ठरताच, गर्भ राहण्यापूर्वी, डॉक्टरांशी बोलावे. मनाने गोळी बंद करू नये, कारण गरोदरपणात फिट येणेही धोक्याचे आहे.

प्रथम शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे व पुढे कुठे जायचे ते तेथे विचारावे. फिट कशी आली हे पाहणाऱ्याने सोबत जावे, कारण रुग्णाला स्वतःला ते सांगता येत नाही.

जुने समज आणि कायदा

फेफऱ्याला आजार मानणे ही आजची गोष्ट नाही. विनयपिटकाच्या महावग्गात मगध देशी पसरलेल्या पाच आजारांची नोंद आहे : कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार. हे रुग्ण उपचारासाठी वैद्य जीवकाकडे येत. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी त्याची गणती वैद्याने पाहावयाच्या आजारांत होती. अशा रुग्णांना त्या काळी संघात प्रव्रज्या देत नसत, हेही तेथेच लिहिले आहे. तो नियम त्या वेळच्या अडचणीतून आला. आज त्याचा आधार घेऊन कोणाला दूर ठेवणे योग्य होणार नाही.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे हे त्यानुसार गुन्हे असून सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. तसेच हिंदू विवाह कायदा, जो बौद्धांनाही लागू आहे, त्यात विवाहाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. १९९९ साली तो काढून टाकण्यात आला. फेफरे आहे एवढ्यावरून विवाह रद्द ठरत नाही. मात्र सोयरीक जुळवताना आजार लपवू नये. गोळ्या लपवून घ्याव्या लागल्या की त्या चुकतात.

फिट आल्यास काय करावे?

१) घड्याळ पाहावे. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबतात.
२) आजूबाजूची टोकदार वस्तू, चूल, पाणी दूर करावे. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याजवळचे बटण सोडावे.
३) झटके ओसरताच कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जात नाही.
४) तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. चप्पल, कांदा, किल्ली यांचा काही उपयोग नाही.
५) पाच मिनिटांहून अधिक वेळ चालली, लागोपाठ दुसरी आली, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
६) रुग्णाने एकट्याने विहिरीत, ओढ्यात उतरू नये, झाडावर चढू नये, आणि डॉक्टरांनी संमती देईपर्यंत वाहन चालवू नये.

समारोप

तो मुलगा पुढे रुग्णालयात गेला. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभराने बरे वाटले म्हणून त्याने त्या सोडल्या आणि ओढ्याकाठी पुन्हा पडला. तेव्हापासून नियमित घेतो. आता आजीची पैसे काढण्याची स्लिप तो स्वतः भरतो. अक्षर वळणदार आहे, आकड्यांत चूक नसते. शाळा मात्र त्याला परत मिळाली नाही. तुटलेला दातही तसाच आहे, आणि तो हसला की आम्हाला आमची चूक आठवते.

आपल्या वस्तीत असे एखादे मूल असेल तर त्याला दवाखान्यात न्या आणि त्याचे नाव शाळेच्या पटावरून कमी होऊ देऊ नका, एवढीच वाचकांना नम्र विनंती.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१) शाकाहारी माणसालाही फीतकृमीच्या अंड्यांमुळे फिट कशी येऊ शकते?
२) हेन्री मोलेसनच्या उदाहरणावरून स्मृतीविषयी काय समजले?
३) वर्गात एकटक पाहत राहणाऱ्या मुलाबाबत शिक्षकांनी काय करावे?
४) फिट आलेल्या व्यक्तीच्या तोंडात चमचा का घालू नये?