घरातील लपलेली बुरशी

आरोग्याचा विषय निघाला की आपण पाणी, आहार, व्यसने यांविषयी बोलतो. राहत्या घराच्या भिंतीविषयी सहसा कोणी बोलत नाही. आमचेही तसेच होते. दोन पावसाळे धाकट्या मुलाचा रात्रीचा खोकला हटत नव्हता. औषधे झाली, थंड खाणे बंद केले. दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी कपाट ओढले तेव्हा मागची भिंत कमरेपर्यंत काळपट-हिरवी झालेली दिसली. मुलाचे अंथरूण त्या कपाटाला लागूनच असे.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना रुजायला फक्त ओल लागते. म्हणूनच ओल कायम ठेवून वरून डिस्टेंपर मारणे व्यर्थ होय. आदल्या वर्षी आम्ही नेमके तेच केले होते.

मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ओल येते कोठून? गच्ची गळते, मोरीचा पाइप भिंतीत झिरपतो. शिवाय छत्रपती संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येत असल्याने घरोघरी ड्रम भरून ठेवण्याची सवय पडली आहे आणि एका खोलीच्या घरात ते ड्रम झोपण्याच्या जागेतच असतात. उन्हाळ्यात खिडक्या बंद करून कूलर लावला की भर पडते. ओल भिंतीतली की हवेतली, हे ओळखण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. आतून थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते. बाहेरून जमले तर खोलीच्या हवेत दमटपणा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली स्पष्ट केले की ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत खोकला, छातीची घरघर, दमा व श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात. प्रत्येक खोकला बुरशीचाच असतो असे नाही; पण डॉक्टरांना भिंतीची हकीकत अवश्य सांगावी. (२०२१ मध्ये कोरोनानंतर आलेला ‘काळी बुरशी’चा आजार वेगळा, तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्यांना झाला.)

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा भाड्याच्या घरातील बुरशीमुळे दगावला. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. दोष मात्र कुटुंबाच्या राहणीला दिला गेला. २०२२ च्या चौकशीत मृत्यूचे कारण सिद्ध झाले व २०२३ मध्ये सामाजिक गृहयोजनांतील घरमालकांना ठरावीक मुदतीत दुरुस्तीचे बंधन घालणारा कायदा झाला. आपल्याकडेही ‘बाईला घर नीट ठेवता येत नाही’ असे चटकन म्हटले जाते, पाइप कोणी पाहत नाही. खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर भाडे ठरवण्यापूर्वी कपाटामागे जरूर डोकवावे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंसाठी विहाराच्या निगेचे नियम आहेत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर डाग धरले तर ओला फडका पिळून पुसावे, अंथरूण-पांघरूण उन्हात वाळवून झटकावे, हिवाळ्यात दिवसा खिडक्या उघडाव्यात व रात्री लावाव्यात, उन्हाळ्यात याच्या उलट करावे. वर्षावासात भिक्खू एकाच जागी राहत, तेव्हा त्यांनाही दमट भिंतींचा त्रास होत असणारच.

आम्ही आधी मोरीचा पाइप बदलला, मग पोपडे खरवडले. त्या वेळी तोंडाला फडका बांधला आणि मुलांना शेजारी पाठवले. भिंत पूर्ण वाळायला मार्च उजाडला. त्यानंतर चुना दिला, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले. मुलाचा खोकला पुष्कळ कमी झाला आहे, पण डॉक्टरांनी पंप अजून बंद केलेला नाही.