बांबूच्या काडीचा कुंचला संगणकावर

वारली चित्रकाराचा कुंचला म्हणजे टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी. रंग एकच, पाण्यात कालविलेल्या तांदळाच्या पिठाचा पांढरा. भूमी शेण व गेरू यांनी सारवलेल्या कुडाच्या भिंतीची. १९७० नंतरच्या दशकात ही कला कागदावर उतरली आणि जिव्या सोमा मशे यांच्या हातून देशोदेशी पोहोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज अनेक विद्यार्थी हीच रेषा संगणकावर काढू पाहतात व ती बहुधा निर्जीव उतरते. त्रिकोण, वर्तुळ सारे अचूक असते; परंतु तारपा नाचातील पन्नास माणसे म्हणजे एकाच माणसाचे पन्नास ठसे वाटतात.

दोष पुष्कळदा कुंचल्यात असतो. नागपूरच्या जरीपटका भागात राहणाऱ्या विद्यार्थ्याला डहाणू-तलासरीचे पाडे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. काडी आणि तांदूळ मात्र घरचेच. म्हणून पहिला धडा संगणक बंद ठेवूनच गिरवावा. गेरू फासलेल्या कागदावर पिठाने रेघ ओढून पाहावी. ओली असताना ती फिकट दिसते, वाळल्यावर पांढरी होते. काडी नुकतीच बुडविलेली असताना रेघ भरदार येते. पुढे पीठ सरते, रेघ तुटक होते आणि काडी पुन्हा बुडवावी लागते. मुख्य म्हणजे केसांचा कुंचला दाबला की पसरतो, तशी काडी फारशी पसरत नाही. संगणकावरील तयार कुंचले बहुतेक केसांच्या कुंचल्याच्या धर्तीवर बेतलेले असतात. घोटाळा होतो तो येथे.

आता ‘क्रिता’ ही विनामूल्य चित्रप्रणाली घ्यावी. (स्वीडिश भाषेत ह्या शब्दाचा अर्थ खडू असा आहे.) चावलेले टोक काळ्या शाईत बुडवून पांढऱ्या कागदावर ठसा उमटवावा, त्याचे छायाचित्र घेऊन तेच कुंचल्याचे टोक म्हणून प्रणालीत भरावे. लेखणीच्या दाबाने जाडी वाढण्याची सोय जवळजवळ बंद करावी. रंगाचा दाटपणा मात्र रेघेच्या लांबीबरोबर उतरत जाईल असे ठेवावे; पीठ सरण्याचा परिणाम त्यातून साधतो. प्रत्येक ठशात किंचित अनियमितपणा असू द्यावा. रेघ आपोआप गुळगुळीत करणारी योजना बंदच बरी. ओल्या पिठाचे हळूहळू पांढरे होणे पडद्यावर साधत नाही, तेव्हा त्या खटपटीत पडू नये.

अशी चित्रे विकावयाची असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले असून त्या नावावर पहिला हक्क वारली कलावंतांचा आहे. अभ्यासाला अर्थातच आडकाठी नाही.

सरावासाठी तारपा वाजविणारा मध्ये घेऊन भोवती नाचणाऱ्यांची साखळी काढावी. एक आकृती काढून तिच्या नकला चिकटविण्याचा मोह टाळावा. प्रत्येक माणूस नव्याने काढावा. पहिल्या दिवशी दहा माणसे पुरेत.